साडभाऊच्या रुपयावरची खाच

चहा घ्या, पण घोट तोंडात असताना हे ऐकू नका. धोतर भिजलं तर मी जबाबदार नाही! जन्मभर मी गावाच्या टोप्या उडवल्या, पण केनवडला सासुरवाडीत माझी जी उडाली, ती अजून खाली आली नाही.

मी थोरला जावई. पंगतीत पहिला पाट माझा, तुपाची पहिली धार माझी. मग धाकट्या मेव्हणीचं, यमुनेचं लग्न झालं आणि कामरगावचा सीताराम माझा साडभाऊ झाला. गोरापान, मिशीला तेल! त्या दिवाळीला त्यानं खिशातून जुना राणीछाप रुपया काढला. राणीच्या डोक्यावर, काठाला एक खाच.

"माह्या आजाच्या कमरेले होता हा," तो म्हणाला. "दरोडेखोरानं तलवार घातली, ते रुपयावर बसली. आजा वाचला!"

सासऱ्यांचे डोळे पाणावले हो! आणि पहिला पाट कोणाला? सीतारामाला!

मी जळलो का म्हणता? अहो, चुलीत पऱ्हाटीसुद्धा तशी जळत नाही.

जेवणं झाल्यावर मी रुपया मागून घेतला, उन्हात धरला. खाचेभोवती शिशासारखा काळपट डाग! मला तर उकळ्याच फुटल्या.

"मामाजी, तलवारीनं असा डाग कायले पडन? इथं डाख देऊन कडी झाळलेली होती, ते कोणं तरी उपटली. हा रुपया बाईच्या गळ्यातल्या हारातला हाय! काहून साडभाऊ, आजा काय हार घालून लढे?"

घर हसलं. सीताराम लालेलाल. इथं थांबायचं ना? पण मी थांबलो तर मी कसला!

"पुरावा पाह्यजे? मामीजी, तुमचा रुपयांचा हार द्या बरं. कडीखाली अस्साच डाग दाखवतो!"

सासूबाईंनी हार दिला. डाग हुबेहूब जुळला. पण हाराच्या मधोमध एका रुपयाच्या जागी काचेचा मणी.

"इथला रुपया कुठी गेला मामीजी?" मीच विचारलं. मीच!

सासरे खाकरले. "जवाईबापू, तुमच्या लग्नात तुमी रुसले नोयते का? पानं वाढलेली, वऱ्हाड उपाशी, अन् तुमी गाल फुगवून बसले. मह्या खिशात काहीच नोयतं. मंग हिच्या हारातला एक पकडीनं उपटला अन् तुमच्या हातावर ठेवला. तवा कुठी तुमी घास घेतला!"

"पण मंग तो सीतारामाजवळ कसा?" मी अजून फौजदारच!

दाराआडून यमुना म्हणाली, "भाऊजी, लग्नात तुमचे जोडे मीच लपवले होते ना? ते सोडवाले हाच रुपया देल्ला तुमी मले!"

म्हणजे तिनं तो नवऱ्याला दिला आणि नवऱ्यानं त्याला आजा चिकटवला.

खोटं सीतारामाचं पकडलं, पण सगळ्यात मोठ्यानं हसत होता तोच. "अरे बाप्पा! रुपयावर तलवार नाही बसली, जवाई बसला!"

दुसऱ्या दिवशी पहिला पाट मात्र मलाच मिळाला. सासूबाईंनी स्वतः मांडला. एका हातानं गळ्यातला हार घट्ट धरून त्या म्हणाल्या, "थोरल्या जवायाले आंधी बसवा वं माय! हे पुन्हा रुसले तर मह्या गळ्यात नुसते मणीच राह्यतीन!"