हसा जरा

लग्नाळू मुलामुलींपासून पेन्शनीच्या आजोबांपर्यंत सगळी गल्ली फोटोकाकांच्या स्टुडिओत स्टुलावर बसून गेलेली. "खांदे सरळ, हनुवटी वर, हसा जरा!" हे वाक्य त्यांच्या तोंडात असं बसलं होतं की झोपेतही म्हणतील, अशी काकू चेष्टा करायच्या.

साथ आली आणि स्टुडिओला कुलूप लागलं. शाळेच्या हॉलमध्ये गल्लीने मिळून जेवण शिजवायला घेतलं. धान्य देणाऱ्या व्यापाऱ्याची अट एकच, वाटपाचे फोटो पाहिजेत. काका फुकटात तयार झाले. रिकामं बसण्यापेक्षा बरं, असं लोकांना सांगत. खरं म्हणजे त्यांच्याही घरात डबे तळाला गेले होते. पण रांगेत उभं राहायचं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटे. मग घरी येऊन म्हणायचे, "मी तिकडेच जेवलो, तू खा." धादांत खोटं. कढईजवळ उभं राहूनही माणूस उपाशी राहू शकतो, हे त्यांनी करून दाखवलं.

एका दुपारी रांगेत शिकवणीच्या बाई आल्या. काकांची मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. सवयीने काका बोलून गेले, "बाई, मास्क खाली घ्या. हनुवटी वर. हसा जरा!" आणि भिडस्त बाई हसल्या. व्यापाऱ्याला तो फोटो इतका आवडला की संध्याकाळपर्यंत तो घरोघरच्या मोबाईलवर पोहोचला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. डबा भरून घेऊन काका त्यांच्या दाराशी गेले.

"माझं चुकलं, बाई."

बाईंनी दार अर्धंच उघडलं. "तुमच्या शब्दाखातर हसले हो मी. आता लोक म्हणतात, बाईंचं काय, आयतं मिळतंय, मजेत आहेत." मग त्यांनी काकांकडे नीट पाहिलं. शर्ट खांद्यावरून ओघळत होता. "तुम्ही जेवता का तिथे?"

काकांनी डबा पुढे केला.

"म्हणजे लाज तुम्हालाही वाटते. आणि हसायला मला सांगता होय!"

डबा त्यांनी आईसाठी घेतला. स्वतः मात्र उद्या रांगेत येण्याचं काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका घरातलं सर्वांत मोठं पातेलं घेऊन आले. काकूंना सगळं सांगून झालं होतं, बोलणी खाऊनही झाली होती. कॅमेरा आचाऱ्याच्या हातात देऊन ते रांगेत शेवटी उभे राहिले. "आज माझा काढ," ते म्हणाले, "आणि व्यापाऱ्याला तोच पाठव." आचारी गोंधळला. बटण कुठलं, तेही त्याला ठाऊक नव्हतं.

मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. हातात कालचाच डबा, धुऊन आणलेला.

"खांदे सरळ, काका," बाई म्हणाल्या. "हनुवटी वर."

काकांनी मास्क खाली घेतला, खांदे सरळ केले, हनुवटी वर केली. हसू मात्र काही केल्या येईना. ओठ नुसते थरथरले आणि डोळे भरून आले.

"राहू द्या," बाई आचाऱ्याला म्हणाल्या. "काढा असाच."