चुन्याचे तीन थेंब

पोल्डीबाई ऐंशीच्या. व्हिएन्नाच्या त्या संग्रहालयाचे जिने त्या राहेलचा हात धरून चढल्या. कधीकाळी याच राहेलचा हात धरून त्या तिला शाळेत नेत.

राहेलच्या वडिलांचं, डॉक्टर पोलाचेकांचं, बर्फातल्या पुलाचं चित्र इथे होतं. नाझींनी घर लुटलं, डॉक्टर आणि त्यांची बायको छावणीतून परतलीच नाहीत. वाचली ती आधीच परदेशी पाठवलेली नऊ वर्षांची राहेल. आता ती चित्र परत मागत होती, पण हाती मालकीचा कागद नव्हता. चित्रामागच्या मालकाच्या नावाच्या चिठ्ठ्याही कुणीतरी खरवडून काढलेल्या. साक्षीला उरली होती फक्त घरची जुनी मोलकरीण, पोल्डीबाई.

"चित्र तेच कशावरून, बाई?" संग्रहालयाच्या अधिकाऱ्याने विचारलं. चित्र टेबलावर कापडाखाली झाकलेलं होतं.

पोल्डीबाईंचे कान लाल झाले. "माझ्या मूर्खपणावरून, साहेब."

राहेल हसली. "सांग ना गं. आता कोण रागावणार आहे तुला?"

"सतरा वर्षांची होते, खेड्यातून नुकती आलेली. दारासमोरच्या भिंतीवर हातभर चौकोन गिलाव्याशिवाय उघडा. वाटलं, गवंड्याने कामचुकारपणा केला. ईस्टरच्या साफसफाईत मी तो चुन्याने बुजवून टाकला! बाजूलाच हे चित्र. ते उतरवायचा आळस केला. चौकटीच्या डाव्या कडेवर, खाली, तीन थेंब उडाले. मधला मसुरीएवढा. त्या थेंबांचं भीतीने मी कुणाला बोललेच नाही."

"आणि डॉक्टर?"

"बुजवलेली भिंत बघून पोट धरून हसले. मग स्वतःच चुना खरवडायला बसले. म्हणाले, 'पोल्डी, दोन हजार वर्षांपूर्वी आम्हा ज्यूंचं मंदिर पाडलं गेलं, त्याची ही आठवण. ज्यूचं घर थोडं अपुरंच राहू द्यायचं असतं.'"

अधिकाऱ्याने कापड काढलं, चौकट उभी केली, भिंग लावलं. बराच वेळ तो वाकूनच होता.

"तीन," तो हळूच म्हणाला. "मधला मोठा." आणि त्याने लिहायला घेतलं.

पोल्डीबाईंनी तोवर रुमालाचं टोक थुंकीने ओलं केलं होतं. "द्या इकडे. त्रेसष्ट वर्षं मनाला लागून राहिलंय."

"अहो बाई, पुरावा आहे तो!" अधिकारी ओरडलाच.

राहेलने त्यांचा हात रुमालासकट आपल्या मुठीत घेतला.

"राहू दे, पोल्डी. माझ्याही घरी दारासमोर तसाच चौकोन आहे. चित्र त्याच्याच शेजारी लावू. पण या वेळी झाडलोट मी करीन हं!"