मॅरियनकाकूंचा फोन

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घरात मिठाईचे रिकामे डबे साठतात ना, तसे ते साठतात. टाकायचे म्हणतो, पण टाकवत नाहीत. आमच्या हेल्पडेस्कचे किस्से माझ्याकडे असेच पडून आहेत. कुणाच्या लग्नात जुनं माणूस भेटलं की एकेक बाहेर निघतो, लोक हसतात, मीही हसते. फक्त मॅरियनकाकूंचे किस्से सांगताना हसणं नेमकं कुठे थांबवायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

आधी काम काय होतं ते सांगते. हिंजवडीत तेव्हा काचेच्या बिल्डिंगा उगवत होत्या आणि मधल्या मोकळ्या शेतांत म्हशी चरत होत्या. एका अमेरिकन कंपनीची माणसं नोकरीसाठी इंग्लंडला राहायला जायची. तिथे घरात काही अडलं तर फोन करायला त्यांना एक नंबर दिलेला असायचा. तो फोन वाजायचा हिंजवडीत, आमच्या टेबलावर! अमेरिकेच्या माणसाने इंग्लंडमध्ये कसं राहायचं, ते सांगणार आम्ही पुण्याचे.

आम्ही तिघं. जोशी सर टीम लीड, बँकेतून व्हीआरएस घेऊन आयटीत आलेले. इम्रान कसबा पेठेतला, वडिलांचं बांगड्यांचं दुकान. आणि मी वंदना, मांजरीहून रोज कंपनीच्या बसने अर्धं पुणे ओलांडून येणारी. तिघांनीही ना अमेरिका पाहिलेली, ना इंग्लंड. विमानतळ पाहिलेला एकटा इम्रान. मामा हजला निघाले तेव्हा सोडायला गेला होता, तोही काचेच्या बाहेरून!

* * *

मॅरियन आणि हँक साठीच्या आसपासचं जोडपं. हँक कारखान्यातली यंत्रं बसवणारा इंजिनिअर. कंपनीने त्याला उत्तर इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात पाठवलं आणि बायकोही बरोबर गेली. जायची इच्छा त्याची, तिची अजिबात नाही. हे तिने पहिल्याच फोनमध्ये सांगून टाकलं.

पहिला फोन असा. नवीन किटली आणली, नवीन दिवा आणला, काहीच चालत नाही. घरातली वीजच बिघडलीय. हँक सकाळपासून स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलाय!

जोशी सरांनी विचारलं, "मॅडम, प्लगच्या शेजारी भिंतीवर एक छोटं बटण आहे का?"

"आहे."

"ते दाबा."

खट् आवाज आला. मग मागून एका पुरुषाने अमेरिकन पद्धतीने घातलेली, मनापासूनची शिवी ऐकू आली. अमेरिकेत भिंतीतल्या प्लगला बटण नसतं म्हणे. मॅरियन म्हणाल्या, "तुम्हाला तिकडून कसं कळलं?"

जोशी सरांनी फोन ठेवला आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "इंग्रज जाताना कोहिनूर घेऊन गेले, बटणं ठेवून गेले."

* * *

दुसरा किस्सा माझा. न्हाणीघरात दोन वेगळे नळ. एकातून उकळतं पाणी, दुसऱ्यातून बर्फ. मॅरियन रडवेल्या झाल्या होत्या. "ह्या लोकांना दोन्ही पाणी एकत्र करायला शंभर वर्षांत कोणी सांगितलं नाही का?"

ह्यात काय अवघड आहे? मी म्हटलं, "मॅडम, एक बादली आणा. त्यात दोन्ही पाणी घ्या, हाताने बघा आणि मगने अंगावर ओता."

त्यांना ते फार आवडलं. बादली आणली. आंघोळीचा मग मिळेना म्हणून पीठ मोजायचं भांडं घेतलं. बाथरूमच्या मधोमध उभं राहून नवरा-बायकोने एकामागोमाग एक पुणेरी पद्धतीने मनसोक्त आंघोळ केली.

तिथल्या बाथरूममध्ये खाली गालिचा होता!

बाथरूमच्या जमिनीवर गालिचा असेल हे पुण्यात जन्मलेल्या माणसाच्या स्वप्नात तरी येईल का? पाणी झिरपून खालच्या स्वयंपाकघरात टपटपायला लागलं. घरमालकीण आली. तिने विचारलं, हे असं आंघोळ करायला तुम्हाला सांगितलं कुणी? हँक म्हणाला, "आमचे एक्स्पर्ट आहेत."

मला मेमो मिळाला. पण मॅरियन मॅडम त्या दिवसापासून आमच्यात मॅरियनकाकू झाल्या.

* * *

हँकला डावीकडून गाडी चालवायची धास्ती. ही जबाबदारी इम्रानने घेतली. लक्ष्मी रोडवरून गणपतीत स्कूटर काढलेला माणूस तो! त्याने फोनवर सगळं शिकवलं आणि शेवटी एक मोलाचा सल्ला दिला, "सर, डाउट आला की हॉर्न द्या. हॉर्न देत राहिलं की समोरच्याला कळतं आपण आलोय."

हँक दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजवत सगळ्या गावातून फिरला. चर्चवरून, शाळेवरून, बाजारातून. तिथे हॉर्न म्हणजे जवळजवळ शिवीच असते, हे आम्हाला कुठे ठाऊक?

संध्याकाळी काकूंचा फोन आला. इम्रानचा चेहरा पडला. पण त्या हसत होत्या. म्हणाल्या, "आम्ही आल्यापासून ह्या गावात आमच्याशी कोणी बोललं नव्हतं. आज सगळे बोलले. काय बोलले ते सांगत नाही!"

आम्ही खूप हसलो. काकूंच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य मात्र मला घरी जाताना बसमध्ये खरं ऐकू आलं.

* * *

त्यांच्या अमेरिकेतल्या गावात नवीन बिऱ्हाड आलं की शेजारीपाजारी काहीतरी करून घेऊन येत. काकू इथे वाट बघत राहिल्या. कोणी आलं नाही. शेवटी त्यांनीच सफरचंदं भरून भाजलेला 'अ‍ॅपल पाय' केला आणि शेजारच्या घरी नेऊन दिला. शेजारणीने दारातच घेतला, आभार मानले, दार लावलं. दोन दिवसांनी बशी परत आली. स्वच्छ धुतलेली, पुसलेली आणि रिकामी.

"रिकामी?" मी फोनवर ओरडलेच. "आमच्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत, मॅडम. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात!"

काकू म्हणाल्या, "म्हणजे मी पुण्याला यायला हवं होतं."

मी हे जोशी सरांना सांगितलं. ते शनिवार पेठेत वाढलेले. म्हणाले, "अवश्य या म्हणावं. फक्त दुपारी एक ते चार बेल वाजवू नका."

* * *

पुढे पुढे काकू काही अडलं नसतानाही फोन करायला लागल्या. हँक कारखान्यात जायचा, दिवसभर घरात ह्या एकट्या, बाहेर बारीक पाऊस. पण आमच्या सिस्टीममध्ये अडचण लिहिल्याशिवाय फोन नोंदता येत नसे. हे त्यांना कळल्यावर त्या लाइनवर आल्या आल्या म्हणायच्या, "किटली बिघडलीय. आज तू काय भाजी केलीस?"

ती किटली महिन्यात इतक्या वेळा बिघडली की वरून मेल आला, ग्राहकाला नवीन किटली द्यावी. जोशी सरांनी उत्तर पाठवलं, "किटली उत्तम आहे. माणसं कमी आहेत." ह्यावर पुन्हा मेल आला नाही.

मला त्यांचं वाईट वाटायचं. आम्ही मांजरीच्या नव्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा माझी आईही अशीच झाली होती. येरवड्याच्या चाळीत सगळा जन्म गेलेला. चौथ्या मजल्यावरच्या बंद दारांकडे बघत ती मला विचारायची, "ह्या लोकांना लागत नाही का गं कधी विरजण?" काकू मराठी बोलत असत्या तर दोघींचं छान जमलं असतं.

* * *

हा पुढचा किस्सा मी लग्नात सांगत नाही.

फोन इम्रानने उचलला. नेहमीचं "हाऊ मे आय हेल्प यू" म्हणाला. पलीकडून काकू अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हँक उठत नाहीये."

त्यांनी आधी सवयीने अमेरिकेचा इमर्जन्सी नंबर फिरवला होता. तो लागेना. इंग्लंडचा आठवेना. मग जो पाठ होता तो लावला. त्या देशात काहीही बिघडलं की त्या आम्हालाच फोन करायच्या. नळ बिघडला, आम्हाला. नवरा उठेना, आम्हालाच.

इम्रानने तिकडचा अँब्युलन्सचा नंबर सांगितला. म्हणाला, आता हा फोन ठेवा आणि तो लावा. त्या म्हणाल्या, "ठेवू नकोस. प्लीज, ठेवू नकोस." तो नुसता "मॅडम, मॅडम" करत राहिला. मी हेडसेट ओढून घेतला आणि आईने कुणाला ओरडून सांगावं तसं सांगितलं, "फोन चालूच राहू द्या आणि शेजारच्या दारावर हात मारा. जोरात!"

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग दाराचा. मग धावत येणारी पावलं, एका अनोळखी बाईचा आवाज, आपण "अगं बाई माझे" म्हणावं तसा, "ओ लव्ह, ओ माय लव्ह." रिकामी बशी परत करणारी तीच शेजारीण. अँब्युलन्स तिने आपल्या मोबाइलवरून बोलावली, ती येईपर्यंत काकूंना धरून बसली. आम्ही तिघं एका हेडसेटभोवती उभे राहून ते सगळं ऐकत होतो.

हँक गेला होता. झोपेतच.

* * *

आमच्यात माणूस गेला की त्याच दिवशी नेतात. इम्रानच्या घरीही तसंच. तिकडे अंत्यविधीला तीन आठवडे लागणार होते. काकू म्हणाल्या, "रांग आहे म्हणे." जोशी सरांकडे आम्ही बघितलं. ह्यावर ते काहीतरी बोलतीलच असं वाटलं. त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवून घेतली.

काकूंची मुलगी अमेरिकेत, तिचं बाळंतपण आठ दिवसांवर आलेलं. डॉक्टर विमानात बसू देईनात. शेजारीण रोज दाराशी फुलं ठेवून जायची. "तिला वाटतं मला त्रास नको," काकू म्हणाल्या. त्या घरात आता त्या होत्या आणि पाऊस होता. झोप येत नव्हती. डोळा लागला की घरात कोणी नाही हे आठवायचं आणि जाग यायची.

त्यातच कंपनीचा मेल आला. कर्मचारी हयात नसल्यामुळे केस बंद करावी. काकूंचा फोन आमच्याकडे लागणं बंद झालं.

मी जोशी सरांपुढे जाऊन रडले. सरांनी मेल दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला. "त्यांनी आपल्याला फोन करायचा नाही असं लिहिलंय," ते म्हणाले. "आपण त्यांना करायचा नाही असं कुठे लिहिलंय?"

इम्रान म्हणाला, "सर, माझी आजी गेली ना, तेव्हा गल्लीतल्या बायका आळीपाळीने आजोबांच्या घरी झोपायला यायच्या. सोबतीला. काही करायच्या नाहीत. नुसत्या पडवीत पडून असायच्या."

सरांनी फोन लावला. तिकडे दुपार होती, आमच्याकडे दिवेलागण. म्हणाले, "मॅडम, फोन उशाशी ठेवा. बंद करू नका. बोलायचं नाही. आम्ही इथेच आहोत, तुम्ही झोपा."

कॉल लांबला की लीडचं रेटिंग जायचं आणि रेटिंग गेलं की माणूस जायचा. सरांची मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगला होती. पण सर हेडसेट लावून बसले. चहा आला, त्यांनी हातानेच नको म्हटलं. बराच वेळ काही नाही. मग त्यांनी आम्हाला खूण करून बोलावलं आणि एकेकाच्या कानाला हेडसेट लावला. काकू घोरत होत्या.

मुलगी बाळंत होऊन, तिचा नवरा इंग्लंडला काकूंकडे पोचेपर्यंत हे रोज चाललं. कधी सर, कधी इम्रान, कधी मी.

* * *

आणि मग ऑडिट आलं.

ऑडिटवाली पल्लवी तिशीच्या आतली, पण सगळ्या मजल्याला तिची भीती. कॉलवर एक "सॉरी" म्हणायचं राहिलं म्हणून तिने माणसं घरी पाठवली होती. तिने आम्हा तिघांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. समोर कॉम्प्युटर, त्यात आमचे सगळे कॉल. इम्रानने येतानाच घरी सांगितलं होतं की उद्यापासून कदाचित दुकानात बसेन.

"हे इतके तासन्‌तास कॉल," ती म्हणाली. "बंद झालेल्या केसवर. आणि बोलतंय कोणीच नाही. लाइन चुकून राहिली का?"

"नाही," जोशी सर म्हणाले.

"मग कस्टमरला सर्व्हिस काय दिली?"

उत्तराची वाट न बघता तिने एक रेकॉर्डिंग निवडलं आणि स्पीकरवर लावलं. केबिनभर तो आवाज पसरला. खिडकीवरचा पाऊस. सरांचं एकदा खाकरणं. आणि मध्येच तो संथ, थकलेला श्वास. पल्लवी ऐकत राहिली. तिने ते पुढे ढकललं नाही, बंदही केलं नाही.

मला राहवेना. मी उठून मोठ्याने म्हणाले, "मॅडम, ह्यात सरांची काही चूक नाही, मीच..."

पल्लवीने स्क्रीनवरची नजर न काढता ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना," ती म्हणाली. "झोपल्यात त्या."