गुलाऱ्याहून परत येताना

माझं लग्न झालं तेव्हा माझं माहेर अकोला आणि सासर बऱ्हाणपूर, दोन्ही एकाच राज्यात होतं. वर्षभरात राज्यांची नवी मांडणी झाली. अकोला मुंबईकडे गेलं, बऱ्हाणपूर भोपाळकडे. वडिलांनी पत्रात लिहिलं, "पोरीला चार तासांवर दिली होती, आता ती परराज्यात गेली." मी ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "ताप्ती तर इथंच आहे. काही सरकली नाही."

हे इथल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. वर्गात राज्याचा मोठा नकाशा होता, त्यात राजधानी नागपूर. नवं राज्य झालं तसा हेडमास्तरांनी तो उतरवून ठेवला. नवा नकाशा काही येईना. भिंतीवर नुसता खिळा राहिला. मुलं रोज विचारायची, "गुरुजी, आपण आता कुठं आहोत?" शेवटी ह्यांनी ठरवलं की नवा येईपर्यंत आपल्याच आसपासचा नकाशा करायचा. गावापासून कोणता रस्ता कुठं जातो, वाटेत कोणती नदी, कोणता किल्ला, कोणती जुनी इमारत, किती मैलांवर. दर रविवारी सायकलवर जाऊन बघायचं आणि खाकी कागदावर उतरवायचं.

मोठ्या रस्त्यावर मैलांचे दगड होते. आडवाटांवर काय? त्यासाठी ह्यांनी सायकलच्या मागच्या चाकाच्या एका तारेला कातड्याचा तुकडा बांधला. चाकाचा एक फेरा झाला की तो दांडीवर आपटायचा, टक. तेवढे टक मोजले की अंतर निघायचं. पण रस्त्यातले खड्डे बघायचे, बैलगाड्या चुकवायच्या आणि वर आकडे लक्षात ठेवायचे, हे एकट्याच्यानं होईना. दुसऱ्याच रविवारी हे रिकाम्या हातानं परत आले आणि मला म्हणाले, "तू मागं बसून मोजशील का?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नवऱ्याच्या मागं बसून चालली ना? मंग जाऊ दे."

अशी मी कॅरिअरवर बसून बऱ्हाणपूरचा सगळा मुलूख पाहिला. शाहपूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा होत्या. उन्हातून त्या पट्ट्यात शिरलं की एकदम गार वाटायचं आणि ओल्या मातीचा वास यायचा. उत्तरेच्या रस्त्यानं असीरगडाला गेलो. गड लांबूनच दिसायला लागतो, पण कितीही पायडल मारा, जवळ येत नाही. वर चढून गेलो तर एवढ्या उंचीवर भरलेलं तळं. मी ओंजळीनं तोंड धुतलं आणि त्या नादात पायथ्यापर्यंतच्या आडवाटेचे टक चारशे की पाचशे, आकडा विसरून गेले. हे रागावले नाहीत. "परतताना पुन्हा मोजू," म्हणाले. परतताना आम्ही इतके बोलत राहिलो की तेव्हाही राहून गेलं. नकाशात त्या एका वाटेवर ह्यांनी 'अंदाजे' असं लिहिलं.

एक गोष्ट मात्र मी घरात कुणाला सांगितली नव्हती. मला सायकल येत होती. अकोल्याला भावाच्या सायकलीवर मी परकर खोचून शिकले होते, आधी दांडीखालून पाय घालून आणि मग सरळ सीटवर बसून. लग्न ठरलं तेव्हा आईनं बजावलं, "तिकडे हे बोलू नकोस. लोकांना आवडायचं नाही." म्हणून बोलले नाही. ह्यांच्या मागं बसून पाय लोंबकळत ठेवायचे आणि चढ आला की मनातल्या मनात आपणही पायडल मारायचं, एवढंच.

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. त्या रविवारी आम्ही गुलारा महालाला निघालो. अमरावतीच्या रस्त्यानं बरंच पुढं जायचं, मग डावीकडे आत वळायचं. गावापासून तेरा-चौदा मैल. सकाळी लवकर निघालो. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. दोन्हीकडे कापूस फुटला होता आणि वेचणीला बाया लागल्या होत्या. आतल्या वाटेला लागल्यावर मी इमानदारीत मोजलं, एकही टक सोडला नाही.

आणि मग गुलारा दिसला. उतावळी नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन लहान महाल, मध्ये काळ्या दगडांचा बांध. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून लांबच लांब तळं झालं होतं. महालांची सावली त्यात सबंध पडली होती. बांधावरून तेच पाणी खाली पांढरं होऊन कोसळत होतं. मोगलांच्या शहजाद्यांनी असली जागा बरोबर शोधून काढली, याचं मला नवल वाटलं नाही. माझंच तिथून हलायला मन होईना. आम्ही महालाच्या पायरीवर बसून जेवलो. तिथं दुसरं कुणीच नव्हतं. पाण्याच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावं लागत होतं, आणि घरात हळू बोलायची सवय लागलेल्या मला तसं ओरडून बोलताना फार बरं वाटलं.

जेवण झाल्यावर बांधाची लांबी पावलांनी मोजायची म्हणून हे खाली उतरले. दगडावर शेवाळ होतं. मी "जपून" म्हणेपर्यंत ह्यांचा पाय सटकला होता. पडले नाहीत, पण उजवा पाय दोन दगडांच्या मध्ये मुरगळला. मी हात देऊन वर आणलं. घोटा बघता बघता सुजला. मी डब्याचं फडकं गार पाण्यात भिजवून घट्ट बांधलं. ह्यांनी पाऊल टेकवून बघितलं आणि ओठ चावून खाली बसले.

"आता काय करायचं?" हे म्हणाले. "तू इथं बस. मी लंगडत गावापर्यंत जातो आणि गाडी घेऊन येतो."

"एवढं लांब लंगडत?"

"मग तू जाशील एकटी चालत?"

मी महालाला टेकवलेली सायकल उभी केली. मग म्हणाले, "मी चालवते. तुम्ही मागं बसा."

ह्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मी पातळाचा कासोटा घातला, पदर कमरेला खोचला आणि सायकल महालापुढच्या मोकळ्या जागेत नेऊन दोन चकरा मारल्या. दोन वर्षांनी सायकलवर बसत होते. पहिल्या वळणावर डगमगले, दुसऱ्या वळणावर घंटी वाजवली. हे पायरीवर बसून बघत राहिले. दुखणारा पाय विसरून हसायला लागले.

"कधीपासून येते?"

"तेरा वर्षांची होते तेव्हापासून."

"आणि मी एवढे दिवस चढावर घाम गाळत होतो!"

निघायची खरी अडचण होती. एवढ्या उंच दांड्याच्या सायकलवर मागं माणूस घेऊन सुरुवात कशी करायची? शेवटी मी एका दगडावर पाय ठेवून सीटवर बसले, हे डाव्या पायानं उड्या मारत कॅरिअरवर एका बाजूनं बसले, आणि मी जोर लावला. सायकल पहिल्यांदा सरळ बाभळीच्या दिशेनं गेली. "अगं, अगं!" म्हणत ह्यांनी माझी कंबर धरली. मग सायकल सरळ झाली. आतल्या वाटेवर चढ लागला की मी उतरायची आणि ह्यांना तसंच बसवून सायकल ढकलायची. उतारावर हे म्हणायचे, "ब्रेक, ब्रेक," आणि मी ब्रेक लावायची नाही. मागून माझ्याऐवजी आता हे टक मोजत होते, कारण जातानाचा आकडा बरोबर आहे का ते पडताळायचं होतं. दुखऱ्या पायानंसुद्धा ह्यांचं ते काम चालूच होतं.

मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा वेचणीच्या बाया शेताच्या बांधावर बसून भाकर खात होत्या. आम्हाला बघून सगळ्या उठून उभ्या राहिल्या. एक जण ओरडली, "ओ बाई, मालकाले कुठं घेऊन चालली?"

"घरी! पाय मुरगळला!"

"पाडू नको हं!"

सगळ्या खदखदून हसल्या. एकीनं धावत येऊन आम्हाला थांबवलं, पाणी पाजलं आणि शेजारच्या वाफ्यातली ओली हळद ठेचून ह्यांच्या घोट्यावर लेप लावून दिला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "चालव. काही लाजू नको."

लाज मला नाही, काळजी वाटत होती. आमचं घर शनवाऱ्यात, गावाच्या जुन्या वेशीच्या दरवाज्याच्या आतल्या गल्लीत. तिथं टांगेवाले, फळवाले, ह्यांच्या शाळेतली मुलं. गाव दिसायला लागलं तेव्हा माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. मी म्हणाले, "अलीकडे थांबते. तुम्ही टांगा करा. मी सायकल हातात धरून येते."

ह्यांनी कॅरिअर आणखी घट्ट धरलं. मग म्हणाले, "तेरा मैल आणलंस आणि आता फर्लांगभरासाठी टांगा? चल, थांबू नकोस."

मी थांबले नाही. दरवाज्यापाशी ह्यांचे सात-आठ विद्यार्थी उभे होते. त्यांनी आ वासला. मग एकानं भानावर येऊन "नमस्ते गुरुजी!" म्हटलं, आणि ह्यांनी कॅरिअरवरून दोन्ही हात जोडले. त्यानं सायकल अशी हलली की आम्ही दोघंही बाजूच्या केळ्यांच्या गाडीवर आदळलोच असतो. पोरं मागून धावत सुटली. आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा मिरवणूकच झाली होती.

आवाज ऐकून सासूबाई दारात आल्या. मी उतरले. कासोटा तसाच, केस सुटलेले, चेहरा घामानं थबथबलेला. आधी ह्यांच्या पायाकडे बघितलं त्यांनी, मग माझ्याकडे.

"तुले सायकल येते?"

"हो आई."

"आन् मले सांगितलं बी नाही?"

मी कमरेचा पदर सोडून डोक्यावर घेतला. आता काय ऐकावं लागणार याचा विचार करत उभी राहिले.

"दर सोमवारी मी ताप्तीच्या राजघाटावर दर्शनाला पायी जाऊन राहिली," त्या म्हणाल्या. "गुडघे धरून येते. अन् घरात सायकल चालवणारी बसली आहे! आत चल. आधी पाणी पी."

ह्यांचा पाय आठवड्यात बरा झाला. खाकी कागदाचा नकाशा वर्गात त्या खिळ्यावर लागला. त्यावर गुलाऱ्याच्या वाटेचं अंतर अचूक होतं, दोनदा मोजलेलं. मी आणि सासूबाई मात्र सोमवार कधी येतो याची वाट बघायला लागलो. पहिल्या सोमवारी त्या कॅरिअरवर डोळे मिटून, रामनाम घेत बसल्या. दुसऱ्या सोमवारी डोळे उघडले. तिसऱ्या सोमवारी एका ओळखीच्या बाईला बघून त्यांनी मला थांबायला लावलं, केवळ आपण कशावरून आलो ते तिला दिसावं म्हणून. गल्लीत कुणी काही बोललं असेल तर ते त्यांच्यापुढं बोललं नाही.

संक्रांतीच्या आसपास एका सोमवारी घाटावर दर्शन झालं, तरी त्या परत फिरेनात. पलीकडच्या काठाकडे बघत म्हणाल्या, "तिकडे तो आहुखाना आहे ना? बादशहाच्या हरणांचा. लग्न होऊन तीस वर्षं झाली, इथूनच पाहून राहिली."

नावाड्यानं कुरकुर करत सायकल नावेत आडवी घातली. पलीकडे उतरून आम्ही आहुखान्याच्या पडक्या भिंतींपर्यंत गेलो. मोकळं मैदान होतं, शेळ्या चरत होत्या, कुणी बघायला नव्हतं. मी भिंतीपाशी बसून तिळाची वडी काढली, तोवर सासूबाईंनी सायकलचं हँडल हातात घेतलं होतं.

"बसायचं नाही," त्या म्हणाल्या, "नुसती हातात धरून चालवते."

लुगड्याचा पदर डोक्यावरून घसरला होता. त्या सायकल धरून मैदानभर फिरत होत्या आणि सारखी घंटी वाजवत होत्या. शेळ्या वाटेतून बाजूला होत, मग पुन्हा मध्ये येत, आणि त्या पुन्हा घंटी वाजवत.