कपबशीवर ठेवलेला हात

हसणार नसाल तरच सांगतो. नाही, आधी कबूल करा! माझ्या हातून झालेला हा घोळ मी अजून कुणाला स्वतःहून सांगितलेला नाही. आणि ज्यांना ठाऊक आहे, ते मी दिसलो की मुद्दाम चहाचं विचारतात.

तर, देवाजी. माझा पहिलीपासूनचा मित्र. मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखात, रामाकोन्याच्या अलीकडे आमचं लहानसं गाव आहे. मी मास्तर होऊन पांढुर्ण्याला आलो, घर बांधलं, रिटायर झालो, इथलाच होऊन गेलो. देवाजी तिथंच राहिला, संत्र्याची बाग आणि थोडा कापूस सांभाळत.

गाव आणि शाळा यांच्या मधे नाला. नाल्यावर रपटा, म्हणजे तो ठेंगणा सिमेंटचा रस्ता हो, पाणी चढलं की दिसेनासाच होतो. मी काडीपैलवान, देवाजी दांडगा. दप्तर माझ्या डोक्यावर, मी त्याच्या पाठीवर आणि खाली गढूळ पाणी! "हालू नको बे, नाहीतं दोघंबी वाहून जाऊ नागपूरले!" असं ओरडत तो मला पलीकडे न्यायचा. पाच पावसाळे नेलं त्यानं मला. त्याच्या ओल्या सदऱ्याचा वास आजही आठवतो.

तो रपटा अजून तेवढाच ठेंगणा आहे. म्हणून गेल्या खेपेला देवाजी सरपंचीला उभा राहिला. मला फोन आला.

"मास्तर, एकच काम करायचं हाय मले. त्या नाल्यावर उंच पूल. माह्या नातीनं तरी कोनाच्या पाठीवर बसून शाळेत जाऊ नये. तू येतं का परचाराले?"

येतो का म्हणजे? अहो, मी उडालोच! तीस वर्षं निवडणुकीची ड्यूटी केलेला माणूस मी. मतपेट्या वाहिल्या, मशीनं जोडली, हजारो बोटांना शाई लावली. मला कुणी निवडणूक शिकवावी?

आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. ड्यूटीचा एक नियम असतो. मतदान घ्यायला गेलेल्या माणसानं गावात कुणाचा पाहुणचार घ्यायचा नाही. मी या नियमाचा इतका पक्का, की घरून चिवड्याचा डबा आणि पाण्याची सुरई घेऊन जायचो. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत गावोगावच्या लोकांनी माझ्यापुढे चहा धरला आणि मी तो परत पाठवला. तीस वर्षांची सवय! चुनाव म्हटलं की माझा हात आपोआप कपावर जातो.

आता ऐका. देवाजीला निशाणी काय मिळाली असेल? कपबशी!

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं.

पहिल्याच सकाळी देवाजीच्या बायकोनं, शेवंतावहिनींनी, अद्रक घालून चहा आणला. मी कपावर हात ठेवला.

"वहिनी, चुनाव संपेपर्यंत नाही."

"काहून जी भाऊजी? घरचाच तं हाय."

"तत्त्व आहे वहिनी, तत्त्व!"

वहिनी कप उचलून आत गेल्या आणि आतून भांडी जरा जोरात वाजली.

मग मी पिशवीतून माझी पत्रकं काढली. पांढुर्ण्याहून छापून आणली होती, बारा मुद्द्यांची, तीही शुद्ध हिंदीत! पहिलाच मुद्दा, 'ग्रामीण अधोसंरचना का समग्र विकास', म्हणजे खेड्यातल्या सोयीसुविधा. देवाजीनं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"याच्यात माहा पूल कुठं हाय बे?"

"समग्रमधे आला तो."

"असं? बरं, आता लोकायच्या घरी जाऊ. बसू, चहा पेऊ..."

"चहा बंद! मत मुद्द्यावर मागायचं, देवाजी. आमच्या शहरात कुणी चहा पिऊन मत मागत नाही. मतदार जाहीरनामा वाचतो."

"अबे, पन आपल्या इथं चहा पेल्याबिगर बोलनंच सुरू नाही होत."

"म्हणूनच गावं मागे राहिली!"

हे मी बोललो. मी! ज्याची फी भरायची म्हणून याच गावातल्या चार घरांनी आपली संत्री पिकायच्या आधीच स्वस्तात विकली, तो मी. आज आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

देवाजी बिचारा शाळा शिकलेल्या मित्राचं ऐकणारा. निघालो आम्ही. पहिलं घर पार्वतामावशीचं. लहानपणी तिच्या ओट्यावर आम्ही बोरं खाऊन बिया तिथंच थुंकायचो, आणि ती काठी घेऊन धावायची. आता कंबर वाकली होती, पण ओळखलं तिनं मला.

"निशानी काय हाय बापू?"

"कपबशी, मावशी!"

"बस मंग, मांडतेच चहा."

"नको नको, वेळ नाही. अजून साठ घरं व्हायची आहेत. मत देशील ना?"

"देईन न बाबू. काहून नाही देईन?"

मी वहीत लिहिलं, पक्कं. पुढच्या घरी तेच. कुणी चूल पेटवायला उठलं की मी हात आडवा करायचो, पत्रक द्यायचो, पक्कं लिहायचो. देवाजी एका घरी ओट्यावर टेकला, तर मी त्याला दंडाला धरून उठवलं. सगळेच हो म्हणत होते हो! आमच्या गावात दारात आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही, हे गाव सोडल्यावर मी साफ विसरलो होतो.

आणि समोरचा उमेदवार गुलाबराव काय करत होता? घरोघरी जाऊन मांडी घालून बसत होता. बशीत ओतून फुर्रर करून चहा प्यायचा, वर म्हणायचा, "वहिनी, अर्धा कप अजून." ना पत्रक, ना मुद्दा. तिसऱ्या दिवशी त्याचं पोट बिघडलं, तर लिंबू पिळून कोरा चहा प्यायला, पण प्यायला. मी देवाजीला म्हटलं, "पाहा, याचा निकाल पोटातच लागला."

मतदानाच्या दिवशी मात्र मी जरा हळवा झालो. बाया ठेवणीतली लुगडी नेसून रांगेत उभ्या होत्या. माझी आई अशीच यायची, बैलगाडीतून, पेटीतलं हिरवं लुगडं काढून. मत कुणाला दिलं ते बाबांनाही सांगायची नाही. बाबा चार दिवस रुसायचे, आणि ती हसत भाकऱ्या थापायची. त्याच शाळेत, त्याच कडुनिंबाखाली उभा राहून मला वाटलं, आज आपण देवाजीला पार नेऊन सोडणार.

मतदान आटोपल्यावर तिथंच शाळेत मोजणी झाली. माझ्या वहीत अख्खं गाव पक्कं होतं. देवाजी नऊ मतांनी पडला.

मी सुन्न. घरी येऊन ओसरीवर बसलो. "असं कसं झालं, वहिनी? सगळे तर हो म्हणाले होते!"

वहिनींनी मग इतक्या दिवसांचं सारं बाहेर काढलं.

"हो म्हनतीन नाहीतं काय म्हनतीन? हापशीवर बाया काय बोलून राहिल्या मालूम हाय? कपबशीवाले म्हने कोनाच्या कपबशीले हात लावत नाही! शहरातला मास्तर आपल्याले हलकं समजून राहिला म्हने. पार्वतामावशीनं तुमच्यासाठी शेजारून दूध आनलं होतं, भाऊजी. तुमी ओट्यावर टेकले बी नाही."

मला मान वर करवेना. देवाजी मात्र तंबाखू मळत माझ्याकडे बघत होता. मग हसायलाच लागला.

"लेका, पाच वर्षं मी तुले नाल्यातून पार नेलं. तू एकच डाव मले पाठीवर घेतलं, आनं बरोब्बर मधात सोडलं!"

तो हसला, पण पूल गेला होता. ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

इथं शहाण्या माणसानं गप्प बसावं की नाही? मी पांढुर्ण्याला परत आलो आणि मेडिकलसमोरच्या बाकावर रोज व्याख्यान देऊ लागलो. खेड्यातला माणूस चहावर मत देतो, शहरातला विचारावर! फरक आहे तो हाच! बाकावरचे सगळे पेन्शनर माना डोलवायचे.

मग आमच्या वॉर्डाचं इलेक्शन आलं. मी चारही उमेदवारांचे जाहीरनामे टेबलावर पसरले, लाल पेन घेतलं आणि मार्क दिले. एका वकीलबाईंना शंभरपैकी ब्याऐंशी. नळाची वेळ, नाल्या, सगळं कसं मुद्देसूद! आणि माझा एक जुना विद्यार्थी, दिलीप, त्याला एकोणीस. शुद्धलेखनासकट नापास.

मतदानाच्या आदल्या दिवशी दिलीप घरी आला. पाया पडला. खुर्ची दिली तर खालीच बसला. "काकू, चहा टाका न, तुमच्या हातचा पेऊन लय दिवस झाले." बशीत ओतला आणि फुर्रर! "सर, तुमी मले छडी मारली होती, तेव्हापासून पाढे पाठ हायेत." आणि वर, "काकू, अर्धा कप अजून."

दुसऱ्या दिवशी मी मत देऊन आलो. दारात बायको उभी. ती नदीपलीकडच्या सावरगावची, मी पांढुर्ण्याचा; दोन गावांतली ती दगडफेकीची गोटमार आमच्यात काही फक्त पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होत नाही.

"ब्याऐंशी मार्कवालीलेच देल्लं न?"

मी चपला काढत राहिलो.

"काहो, बोलत काहून नाही? का जो बशीनं चहा पेला त्याले देल्लं?"

मी वाकून चपलांची जोडी पुन्हा नीट लावली. बास! तिनं तिथल्या तिथं देवाजीला फोन लावला आणि स्पीकरवर सगळं साग्रसंगीत सांगितलं. पलीकडे देवाजी आणि वहिनी इतकं हसले, इतकं हसले, की फोन दोनदा खाली पडला.

हसणं थांबल्यावर मी म्हटलं, "देवाजी, चुकलोच रे मी. पुढच्या चुनावात मला पुन्हा बोलाव. शपथेवर सांगतो, घरोघरी बसून चहा पिईन. पूल झालाच पाहिजे."

देवाजीनं पलीकडून घसा खाकरला.

"खरंच मदत करायची हाय तुले, मास्तर?"

"अरे, मनापासून!"

"मंग तू पांढुर्न्यालेच राय बे. तेवढ्यानंच मी निवडून येतो!"