जाड भिंत आणि जास्तीचे मार्क

आबा गवंडी होते, दगडी भिंतीचे. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची, आणि आम्ही राहायचो कुडात. तुराट्या उभ्या करून शेणमातीनं लिंपलेला कूड, वर पाचटाचं छप्पर. पावसाळ्यात माय घरभर भांडी मांडून ठेवायची आणि गळती जागा बदलायची. शाळेत पोरी टोमणा मारायच्या, "तुझा बाप लोकाइला घरं बांधतो, मंग तुमी कुडात कामून गं?" मी म्हणायची, "आमचं सगळ्यात शेवटी हाय. सगळ्यात भारी बांधणार हाय." बाप गरीब आहे हे मला कबूल होतं. तो कमी आहे हे मी कुणाला म्हणू दिलं नाही. अजूनही देत नाही.

ज्याचं घर बांधायचं त्याच्याकडून उरलेला दगड आबा मागून घ्यायचे. असा कित्येक वर्षांचा दगड साठला, तेव्हा आमचं घर उभं राहिलं. एकच खोली, पण भिंत अशी जाड की खिडकीत माणूस आडवा झोपावा. वर लाकडं टाकून मातीचं माळवद. आबा भिंतीवर थाप मारून सांगायचे, "भित जितकी जाड, तितकं घर पक्कं. शंभर वर्षं हालायची न्हाई." गावात सगळे हेच म्हणायचे. त्यांच्याही बापांनी त्यांना हेच सांगितलं होतं. वास्तूच्या दिवशी शेजारीण मायला म्हणाली, "आता माणसात आलात बगा." माझा धाकटा भाऊ दिवसभर दारातून आतबाहेर पळत होता, कारण कुडाला असं दणकट दार नव्हतं.

पहाटेच्या भूकंपात ती भिंत आतल्या बाजूला पडली. मी आणि माय दाराजवळ होतो. धाकटा भिंतीला चिकटून झोपायचा, गार लागतं म्हणून. आबांनी हातांनी दगड काढले. त्यांनीच रचलेले होते, त्यामुळं कोणता कशावर बसलाय हे त्यांना कळत होतं. धाकट्याला बाहेर काढलं तेव्हा मी तिथंच उभी होते. मायचा पाय गेला नाही, पण नीट झाला नाही.

गावाच्या कडेला ज्यांचे कूड होते ते झटकून उभे राहिले. एवढंच लिहिते.

मायचा पाय मदतीच्या तंबूतल्या एका डॉक्टरीणबाईनं बांधला. बाई तरुण होती, साडी खोचून गुडघ्यावर बसलेली, मायशी गोड बोलत होती. आबा तिच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "बाई, तू ह्येच व्हायचं." मी मान हलवली. त्यांच्या तोंडून त्या दिवसात निघालेलं ते पहिलं वाक्य होतं.

त्यानंतर आबांनी दगडाला हात लावला नाही. लोक सांगायला आले, नवी घरं व्हायची आहेत, मिस्त्री, काम लई हाय. आबा नाही म्हणाले. आम्ही लातूरला आलो आणि ते डाळमिलमध्ये पोती उचलायला लागले. खोली त्यांनी मिलच्या मागं मुद्दाम पत्र्याची बघितली. स्लॅबखाली ते झोपत नसत. तुरीचा भुस्सा कपड्यात, भातात, माझ्या वह्यांत असायचा. मी तिथूनच दहावी झाले, चांगल्या मार्कांनी.

तोवर लातूरचं नाव झालं होतं. चाकूर, उदगीर, पार नांदेडकडून पोरं येत होती. गल्लीगल्लीत क्लास, घराघरात कॉट भाड्यानं, आणि ऑटोवाल्यालाही कोणत्या सरांचं फिजिक्स चांगलं हे माहीत. अकरावीच्या प्रवेशाला आबा इस्त्रीचा सदरा घालून माझ्यासोबत रांगेत उभे राहिले.

खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "विषय सांगा. क्रॉप सायन्स घ्यायचं का? दोनशे मार्कांचा पेपर आहे."

आबांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मागून एक शेटजी बोलले, "घ्या हो, मार्क पडतेत त्याला. आमच्या पुतण्याची टक्केवारी त्यानंच चढली."

"पिकाचं असतंय व्हय त्यात?" आबा हसले. "मंग घ्या की! तूर कवा पेरायची ह्ये आमच्या पोरीला कोन शिकवनार? तीच शिकवंल मास्तराला." रांगेतले लोक हसले.

बाबू म्हणाला, "मग जीवशास्त्र सोडावं लागेल."

"सोडा. तेवढंच वझं हलकं."

डॉक्टर व्हायला सायन्स लागतं आणि मार्क लागतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कोणत्या विषयाचे मार्क, हे विचारायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. आमच्या घरात त्याआधी कुणी अकरावीचं तोंड बघितलं नव्हतं. जास्त मार्क म्हणजे पक्कं काम. भिंत जाड तर घर पक्कं, तसंच.

अकरावी अशीच गेली. बारावी सुरू झाली तेव्हा शेजारच्या खोलीत चाकूरची एक पोरगी राहायला आली. प्रॅक्टिकलवरून आली की तिच्या हाताला औषधाचा वास यायचा. एकदा ती वही मागायला आली.

"तुझी बायोलॉजीची वही दे गं."

"माझं बायोलॉजी न्हाई. क्रॉप सायन्स हाय."

"अगं, मंग तू डॉक्टर कशी व्हनार? कापसाची?" ती खो खो हसली. मग माझं तोंड बघून हळूच म्हणाली, "खरंच माहीत नव्हतं तुला?"

मी क्लासच्या सरांकडं गेले. सर भले होते, त्यांनी फिरवून सांगितलं नाही. "बेटा, जीवशास्त्र नसेल तर मेडिकल नाही. आता बदलायचं तर पुन्हा अकरावीपासून बसावं लागेल. घरी विचार."

घरी विचारायला मी गेले. खरंच गेले. मिलच्या फाटकात आबा हमालांसोबत चहा पीत बसले होते. मुकादम खोकत होता आणि आबा त्याला म्हणत होते, "खोक, खोक. दोन-चार वर्षं दम धर. माझी पोरगी डागदर झाली का तुला फुकट तपासंल." मुकादम म्हणाला, "तवर मी जितो का?" आबा म्हणाले, "मरू नको, पयला पेशंट तूच हायस."

पुन्हा अकरावीला का बसायचं, हे आबा विचारणारच होते. मग मला सांगावं लागलं असतं, तुम्ही विषय चुकीचा घेतला म्हणून. एक भिंत त्या माणसाच्या अंगावर होतीच. मी फाटकातूनच परत फिरले.

बारावीचा निकाल चांगला लागला. क्रॉप सायन्सला तर कॉलेजात पहिली आले. दुपारी आमच्या पत्र्याखाली मुकादम आला, चाकूरची पोरगी आली, आबांनी पेढे वाटले. मुकादम म्हणाला, "आता कवा तपासतीस मला?"

सगळे गेल्यावर मी म्हणाले, "आबा, मी डॉक्टरकीला जात नाही. कृषी कॉलेजला जाते."

आबांच्या हातात रिकामं पुठ्ठ्याचं खोकं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं.

"कामून?"

मी उत्तर जुळवून ठेवलं होतं. शेतीत नोकऱ्या लई हायत, मला आवड हाय, असं काहीतरी. पण माझ्याआधी तेच बोलले.

"रगत बघवत न्हाई ना तुला?"

मी ते खोकं उचलून घेतलं.

"मला वाटलंच व्हतं. धाकट्याला काढलं तवा तू हितं, अशी उभी व्हतीस. मी तुज्या मायला म्हनायला पायजे व्हतं, पोरीला बाजूला ने. सुचलंच न्हाई." ते स्वतःच्या तळव्याकडं बघत होते. "पोरगं बी माज्याच भितीखाली गेलं, अन् तुजी डागदरकी बी."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की आबा, नाही, मी रक्ताला भीत नाही. तंबूत मायचा पाय मीच धरून बसले होते. पण मग खरं कारण सांगावं लागलं असतं. भिंतीचा दोष त्यांच्यावरून उतरवायचा तर विषयाचा दोष तिथं ठेवायचा. मायनं माझ्याकडं बघितलं. तिला काय कळलं होतं कोण जाणे. ती म्हणाली, "जाऊ द्या हो. जितं लेकरू हाय. शिकून राहिलंय."

त्या दिवसापासून आबा माझ्यापासून रक्त लपवायला लागले. मिलमध्ये पत्र्यानं हात कापला तर हात पाठीमागं धरून घरात यायचे. माय कोंबडं कापायला बसली की, "बाई, जरा दुकानातून मीठ आन," म्हणून मला बाहेर काढायचे. मी मीठ आणायची. आमच्या घरात मीठ कधी संपलं नाही.

पुढं मला भोकर तालुक्यात कृषी खात्यात नोकरी लागली आणि नांदेडला बिऱ्हाड केलं. आबांना शेवटच्या आजारात तिथल्याच दवाखान्यात ठेवलं होतं. नर्स सुई घेऊन आली की ते दुसऱ्या हातानं मला दार दाखवायचे. "तू भाईर थांब, बाई." आणि मी बाहेर थांबायची. भिंतीला टेकून, दरवेळी. ते गेले तेव्हाही मी रक्ताला भिते असंच त्यांना वाटत होतं.

आता जूनमध्ये भोकरच्या शाळा-कॉलेजांत दहावी-बारावीनंतर काय, हे सांगायला मला बोलावतात. कृषी, नर्सिंग, आयटीआय, पॉलिटेक्निक, सगळं सांगते. आईबाप मागच्या बाकावर बसतात, इस्त्रीचे सदरे घालून. मी मागं जाऊन त्यांना आधी विचारते, पोराला काय व्हायचंय? मगच विषय बघू. एखादा बाप हसून म्हणतो, "मॅडम, जास्त मार्काचा सांगा की." मला त्याच्यावर रागवता येत नाही. मी त्याच्याजवळ बसते आणि कोणता विषय सोडला की कोणतं दार बंद होतं, ते एकेक करून सांगते.

डॉक्टर मी झाले नाही. बी.एस्सी. कृषी झाले, प्रथम श्रेणीत. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे.