दौलत मिस्त्रींच्या खडूच्या रेघा

काम संपलं की दौलत मिस्त्री खिशातून खडू काढत. आवळलेल्या प्रत्येक नटावरून खाली इंजिनाच्या हेडपर्यंत, म्हणजे वरच्या झाकणापर्यंत, एक सरळ रेघ. नट जरासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसे. आमच्या आंधळगावात डिझेल इंजिनं पाच-सहाच, आणि त्या सगळ्यांचे डॉक्टर हेच. माणसांशी कमी बोलत, इंजिनाशी जास्त. "काहून रुसली वं बाई? कुठं दुखून राहिलं तुले?" असं ते खरंच विचारत, आणि मी फिदीफिदी हसत असे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बी.एस्सी. होऊन घरी बसलो होतो, आणि बसल्या बसल्या मला सगळंच कळत होतं. त्या वर्षी धान गर्भात आलं आणि पावसानं दडी मारली. शेतातल्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, पाणी होतं, पण ते उपसायचं इंजिनच हेडखालून गळू लागलं. बाबांनी ते बैलबंडीत घालून घरी आणलं. मिस्त्रींनी आमच्या आंगणात हेड उघडलं, त्याखालचं पाणी-वाफ अडवणारं जळकं गॅस्केट खरवडून काढलं, नवं बसवलं आणि चारही नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले.

"एकदाच जोर लावा ना," मी म्हटलं.

"नटावर राग नाही काढत, भाऊ. चारी भावाइले सारखं द्या लागते, नाही तं घर फुटते."

जाताना त्यांनी बजावलं, "सकाळी अर्धा घंटा चालवा. पन पाना लावू नोका. गरम होऊन थंडं झालं का मी दुपारी येतो, मंग आखरी आवळून देतो."

संध्याकाळी हेडच्या कडेला मला पाण्याचा एक थेंब दिसला. पुसताना राहिला असेल, देव जाणे! पण माझ्यातला बी.एस्सी. जागा झाला. घरच्या पान्याच्या दांड्याला लोखंडी पाइप अडकवला आणि त्या बाजूचा एकच नट अंगातला सगळा जोर लावून आवळला. मग स्वतःवर खूश होऊन जेवलो.

सकाळी बाबांनी इंजिन सुरू केलं. दहा मिनिटांत फस्सकन वाफ उडाली. हेड एका बाजूनं दबून दुसरीकडून उचललं गेलं होतं, नवं गॅस्केट फाटलं. मिस्त्री आले तेव्हा शेजारपाजार जमलेला आणि बाबा तापलेले. "हे तुह्यं काम? तिकडं धान वाळून राहिलं अन् तू आमची थट्टा करतं?"

मिस्त्री वाकले. तीन रेघा जागच्या जागी होत्या, चौथी सरकून भलतीकडंच गेली होती. त्यांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडं पाहिलं. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा. मग त्यांनी खांद्यावरचं फडकं घेतलं, चारही रेघा पुसून टाकल्या.

"चुकलं जी माह्यं, काकाजी. आजच करून देतो."

सायकलनं तुमसरला जाऊन त्यांनी दुसरं गॅस्केट आणलं आणि बसवलं. धान वाचलं. पण दौलतच्या हातातलं कसब गेलं, असा गावभर बोभाटा झाला. लोक तुमसरहून मिस्त्री बोलावू लागले. आज बाबांना सांगू, उद्या सांगू, असं मी रोज ठरवत होतो. बाबा चारचौघांत मला हुशार म्हणत. ती हुशारी मला एका माणसाच्या पोटापेक्षा मोठी वाटली. लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. दोन वर्षांनी मिस्त्री बिऱ्हाड उचलून बपेऱ्याला एका धानगिरणीत कामाला गेले.

पुढं बाबा वारले, आणि मग कुठं मला तोंड फुटलं. तुमसरच्या बसस्टँडवर मिस्त्री दिसले. केस पार पिकले होते. मी म्हटलं, "मिस्त्री, तो नट मी आवळला होता."

"मले मालूम होतं, भाऊ."

"मंग तवाच काहून नाही बोलले?"

"चार लोकाइसमोर तुमची इज्जत गेली असती. जवान पोरगा तुमी. मले वाटलं, लोकं गेले का तुमी सोताच सांगसान." ते गाडीच्या वाटेकडं पाहत म्हणाले, "लय दिवस वाट पाह्यली जी. संध्याकाळी दारात बसून राहो. बायकोले म्हनो, आज येते तो पोरगा."

बपेऱ्याची गाडी लागली आणि ते चढले. मी तिथंच उभा राहिलो. आंधळगावात आमच्या दारापासून त्यांचं दार चौथं होतं.